तुम्ही वाचलेली माझी पत्रं

विनायकराव पारखी मास्तर, 'तुला माणसांत कुणी आणलं?' असं मला कुणी विचारलं, तर आईच्याही आधी मी तुमचं नाव घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. "खरंय," ती म्हणते, "मी नुसता जन्म दिला."

तुमच्या तेराव्याचं जेवून मी काल देवासला परत आलो. खोली उघडली, तर टेबलावर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच पडलेला. याच गठ्ठ्यापायी मी तुमच्याकडे वेळेवर आलो नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायला मी पुढच्या सुट्टीत येणारच होतो. ते जिथं थांबलं तिथं मी जिंकलो, असं मला त्या दिवशी वाटलं होतं आणि पुढंही वाटत राहिलं. आता तुमच्या माघारी आईनं, माझ्या धाकट्या बहिणीनं आणि तुमच्या घरी काकूंनी जे सांगितलं ते ऐकून आलोय. तुम्ही भांडण सोडलंच नव्हतं. फक्त माझ्याशी बोलणं सोडलं होतं. म्हणून हे लिहितोय. उत्तर येणार नाही हे कळतं, तरी लिहितोय.

माझे वडील दरबारच्या बग्गीखान्यात घोड्यांची जीनं शिवत. त्यांच्या आधी त्यांचे वडील तेच करत. आमच्या घरात अक्षर म्हणजे चामड्यावर ठोकलेला दरबारचा शिक्का, तेवढंच. वडील गेले तेव्हा मी मराठी चौथीत होतो. बग्गीखान्याचा कारभारी मला त्यांच्या जागी घ्यायला तयार होता. तुम्ही आमच्या दारात आलात, आत न येता चौकटीपाशीच उभे राहिलात आणि आईला म्हणालात, "बाई, याला तिथं घालू नका. घोडीच राहणार नाहीत आता, जीनं कुणासाठी शिवणार?" आईला ते पटलं की नाही कोण जाणे. पण मास्तर स्वतः चालत आले, एवढ्यानं ती गप्प झाली. गाद्यांच्या खोळी शिवून तिनं मला शाळेत ठेवलं. पुढं चार-पाच वर्षांत संस्थान विलीन झालं आणि बग्गीखान्याला कुलूप लागलं, तेव्हा ती शेजारणींना सांगायची, "मास्तरांना आधीच ठाऊक होतं."

इंग्रजी पहिलीत तुमच्या हाताखाली आलो. तुमची शिकवायची पद्धत धारमध्ये सगळ्यांना माहीत होती. फळ्यावर वर इंग्रजी वाक्य, त्याखाली शब्दाला शब्द मराठी. एकही शब्द खाली सांडता कामा नये. पहिल्याच आठवड्यात तुम्ही लिहिलंत, 'देअर वॉज अ किंग', आणि त्याखाली, 'तेथे होता एक राजा.'

मागच्या बाकावरचा भागवत उठून म्हणाला, "मास्तर, तेथे म्हणजे कुठे?"

"धारला."

"देवासला का नाही?"

"देवासला दोन राजे आहेत. वाक्यात एकच आहे. खाली बस."

मागं एकदा इथं थोरल्या राजाच्या पातीतून धाकट्या राजाच्या पातीत भाजी आणायला जाताना मला ते आठवलं आणि मी रस्त्यात एकटाच हसलो.

त्या शब्दाला शब्दाचं मला वेड लागलं. फळ्यावर 'आय हॅव अ सिस्टर' आलं त्या दिवशी घरी जाऊन मी आईला म्हणालो, "माझ्याजवळ एक बहीण आहे." आईनं इकडंतिकडं बघितलं. "जवळ कुठे रे, ती तर गल्लीत खेळतेय." हे मी तुम्हांला सांगितलं तेव्हा तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. पण त्याच पद्धतीनं आम्ही मॅट्रिकला इंग्रजीत पास झालो. अमझेऱ्याची, सरदारपूरची मुलं धारला नातेवाइकांकडे राहून तुमच्या वर्गात बसायची, ती उगीच नव्हे.

एक गोष्ट मात्र तुम्ही रोज करायचात. तास संपला की दोन्ही ओळी स्वतःच्या हातानं पुसायचात. मुलं पुढं आली तरी फडकं त्यांना द्यायचा नाहीत. हात झटकत म्हणायचात, "झालं. आता माणसासारखं बोला." आम्हांला ती सुट्टीची खूण वाटायची. तो धड्याचाच भाग होता, हे मला कळायला तुम्हांला जावं लागलं.

कॉलेजला इंदूरला गेलो. आमच्या घराण्यातला पहिलाच. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, बहीण कुसुम अजून लहान, म्हणून घरी आलेलं पत्र आईनं तुमच्याकडे आणायचं आणि तुम्ही तिला ते वाचून दाखवायचं, असं ठरलं. सुरुवातीची पत्रं मी तुम्हीच शिकवलेल्या वळणाची लिहिली. तीर्थरूप मातुश्रींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवीत जावी. मग इंदूरचं वारं लागलं. प्रोफेसर इंग्रजीत बोलायचे, वर्तमानपत्रं इंग्रजीतून मराठी केलेल्या बातम्या छापायची, वादविवाद मंडळात जो जितकं लांब वाक्य बोलेल तितकी टाळी. मी 'प्रिय आई' लिहू लागलो. त्याच्या पुढं असं: 'तुला हे कळविण्यास मला आनंद होतो की माझा अभ्यास समाधानकारकरीत्या केला जात आहे. मी ज्या खोलीत राहतो ती एका अशा भागात आहे, जो स्वच्छतेच्या दृष्टीने चांगला म्हणता येईल.' हे लिहून झालं की मी स्वतःलाच एकदा मोठ्यानं वाचून दाखवायचो. मला अभिमान वाटायचा. आईच्या मुलाला आता अशी वाक्यं येतात, असं वाटायचं.

तुम्हांला वेगळं पत्र लिहायचो, तेही तसंच. ते तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून उलट टपाली परत पाठवायचात. एका पत्राखाली मी 'आपला विश्वासू' लिहिलं होतं. तुम्ही त्याला गोल करून शेजारी लिहिलंत, 'विश्वासू गडी असतो. तू माझा कोण?' खोलीतल्या मुलांना दाखवून मी म्हणालो, आमचे मास्तर जुन्या वळणाचे आहेत. त्या प्रश्नाचं उत्तर मी कधी लिहिलं नाही.

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "खानावळीतली पोळी वातड असते म्हणून लिहिलं होतंस, तेव्हापासून घास घशाखाली उतरेना माझ्या. आणि रात्री भूक लागली की माझ्या हातची भाकरी आठवते म्हणालास." मी लिहिलं होतं, 'येथील भोजनव्यवस्था समाधानकारक आहे असे म्हणता येणार नाही.' मला वाटलं, आई आपल्या मनानं धरते. बायका असं करतात, असंही वाटलं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय सोडून दिला. मास्तर, समोर ताटात होतं, तरी मला दिसलं नाही.

आता भांडणाचं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना इंदूरच्या एका साप्ताहिकात माझा लेख छापून आला. आपल्याकडच्या वाचनालयांच्या दुरवस्थेवर होता. तो अंक घेऊन मी धारला आलो आणि सकाळीच तुमच्या ओट्यावर येऊन बसलो. तुम्ही चष्मा लावलात आणि मोठ्यानं वाचायला लागलात.

"'हा प्रश्न, ज्याकडे आजवर दुर्लक्ष केले गेले आहे, एका व्यापक दृष्टिकोनातून पाहिला जाणे आवश्यक आहे.'" तुम्ही थांबलात. "कुणी पाहायचा?"

"म्हणजे?"

"पाहिला जाणे. कुणी? मी पाहू, तू पाहणार, की हिनं पाहायचा?"

काकू आतून म्हणाल्या, "मला नाही हं वेळ. पोहे भिजलेत."

मी हसलो नाही. पहिला छापील लेख होता तो माझा. मी म्हणालो, "लिहिण्याची भाषा अशीच असते, मास्तर. बोलण्यासारखं कुणी लिहीत नाही."

"लिहिलेलं कुणाला सांगायचं असतं की नाही?"

"सुशिक्षितांना."

"ते घरी काय बोलतात?"

आपला आवाज चढला असणार. समोरून दूधवाला घागरी घेऊन चालला होता, तो थांबला आणि भांडताय की काय म्हणून माळवीत विचारू लागला. "कंई हुयो मास्साब, सुबे-सुबे लड़ी रिया हो कंई?"

"लड़ी नी रिया हां भिया," तुम्ही म्हणालात, "मराठी बोली रिया हां."

तो हसत गेला. मला तेच कारण मिळालं. मी म्हणालो, "हे चालतं. आपण घरात निम्मं हिंदी बोलतो, कुसुम 'मी तर बोलली होती' म्हणते, तुम्ही दूधवाल्याशी माळवी बोलता, त्याला तुमची हरकत नाही. इंग्रजीचं वळण आलं की मात्र विटाळ होतो."

तुम्ही अंक मांडीवर ठेवलात. तुमचं ते उत्तर मला शब्दन्‌शब्द आठवतं. "हिंदी-माळवी शेजारणी आहेत रे. मागच्या दारानं येतात, विरजण मागतात, कधी आपल्याला देतात. त्यांच्यापुढं आपण अवघडत नाही. इंग्रजी आली की तू खुर्ची पुसून तिला देतोस आणि आपल्याच घरात उभा राहतोस. ती बसली याचं मला काही नाही. तू उभा का?"

याला उत्तर द्यायला हवं होतं. तुमची एवढी ताकदीची गोष्ट ऐकून निदान थोडं थांबायला तरी हवं होतं. मी म्हणालो, नवे विचार जुन्या वाक्यांत मावत नाहीत. तुम्ही म्हणालात, "मावत नाहीत, की तू घालून बघितलं नाहीस?" आणि मग माझ्या तोंडून ते गेलं.

"शब्दाला शब्द कुणी शिकवलं, मास्तर? 'तेथे होता एक राजा' कुणाच्या फळ्यावर होतं? मी काही इंदूरहून नाही आणली ही भाषा. मी तुमच्याच फळ्यावरची मराठी लिहितोय."

तुम्ही चष्मा काढलात आणि धोतराच्या टोकानं पुसत राहिलात. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होतात. काकू पोहे घेऊन बाहेर आल्या, आपल्या दोघांकडे बघून बशा ठेवून आत गेल्या. मग तुम्ही म्हणालात, "खा. निवतील."

एवढंच. त्यानंतर माझं एकही पत्र लाल होऊन परत आलं नाही. पुढच्या लेखाचा अंक पाठवला, तर तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं, 'लेख पोचला. अक्षर चांगलं छापलंय.' मला वाटलं, मास्तरांना पटलं. मी खोलीतल्या मुलांना तसं सांगितलंही.

पुढं देवासच्या शाळेत नोकरी लागली, तुम्ही निवृत्त झालात, तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुट्टीत आलो की तुम्ही आवाजावरून ओळखायचात. "रघुनाथ ना रे? पावलं मास्तरांसारखी वाजायला लागली तुझी." वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगायचात, पण त्यातल्या वाक्यांवर काही बोलायचा नाहीत. मी दोनदा तरी मुद्दाम एखादं अगडबंब वाक्य हळूहळू वाचलं, तुम्ही हसाल, काही बोलाल, म्हणजे पुन्हा तो विषय निघेल म्हणून. तुम्ही म्हणायचात, "पुढं वाच."

ती सगळी वर्षं मी घरी पत्रं लिहीतच होतो, आणि आई ती न फोडता पदराखाली धरून तुमच्याकडे येतच होती. कुसुम वाचण्याएवढी मोठी झाली तरी आईनं ते सोडलं नाही. मला वाटायचं, सवय आहे. तुम्हांला दिसत नाही म्हटल्यावर वाचतं कोण, हे मी एकदाही विचारलं नाही.

आता ऐकलेलं लिहितो. तुम्हांला हे ठाऊकच आहे, पण मला ठाऊक झालं हे तुम्हांला ठाऊक नाही.

तुम्ही अंथरुणाला खिळलात त्याच आठवड्यात माझं घरी पत्र आलं. तुम्हांला त्रास नको म्हणून ते आईला कुसुमनंच वाचून दाखवलं. तुम्ही गेल्यावर मी धारला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसली. कपाळाला हात लावून बघितला. "बरा आहेस ना तू?"

"का गं?"

"मागचं पत्र तुझं वाटलंच नाही. आजारी पडलास आणि दुसऱ्या कुणाकडनं लिहून घेतलंस, असंच धरून बसले होते मी. ना माझ्या पायाचं विचारलंस, ना काही."

"पायाचं?"

"नेहमी विचारतोस ना. सूज उतरली का, गरम पाण्यात पाय सोडून बसतेस का, खोळी शिवताना पाय लोंबते ठेवू नको म्हणून. मास्तर वाचायचे तेव्हा तू पुढ्यात बसून बोलतोस असं वाटायचं."

मास्तर, आईच्या पायाला सूज येते हे मला माहीतच नव्हतं.

मी उठलो. कुसुम मागं नळावर भांडी घासत होती, तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तिचं शिक्षण सगळं हिंदीतून झालेलं, मराठी वाचताना ती अजून अडखळते. तिनं वर न बघता सांगितलं.

"मी तर त्यांना पढूनच दाखवायची, दादा. आई आत काकूंजवळ बसायची आणि मी ओट्यावर हळू आवाजात वाचायची, जसं लिहिलं असेल तसं. मग मास्तर आत जायचे आणि आईला सांगायचे. पण ते दुसरंच सांगायचे. म्हणजे दुसरं नाही, तेच, पण आपल्या घरातल्यासारखं. आणि तू पायाचं वगैरे लिहायचा नाहीस ते पण."

"तू विचारलं नाहीस?"

"एकदा बोलली मी. बोलली, मास्तर, यात तर असं कुठं लिहिलं नाहीये. तर म्हणाले, पोरी, तू शब्दाला शब्द वाचतेस, छान वाचतेस. पण तुझा दादा अजून फळ्यावरच बसलाय. त्याला खाली उतरवून आईजवळ न्यावं लागतं." कुसुमनं पातेलं उपडं घातलं. "आणि बोलले, फळ्यावर मीच लिहिलं होतं, पुसायचं काम पण माझंच."

 कुसुम भांडी घेऊन आत गेली.

म्हणजे तुम्ही उत्तर दिलं होतं. मी ओट्यावर जे फेकलं ते तुम्ही उचलून घेतलंत, खरं मानलंत, आणि महिन्यातून दोनदा आईपुढं बसून त्याची भरपाई करत राहिलात. मला ते कळू दिलं नाहीत. मी जे म्हणालो ते निम्मंच खरं होतं, मास्तर. तुमच्या फळ्यावर ती मराठी होती, पण तुम्ही ती रोज पुसायचात. पुसलेलं मी उचलून घरी नेलं, ही काही तुमची चूक नव्हे. एवढं सांगायला आता इंदूरची मोटार पकडून यावं, तर तुम्ही तिथं नाही.

वादात माझं सगळंच खोटं होतं असं अजूनही मला वाटत नाही. हे तुमच्याशी भांडूनच सांगायला आवडलं असतं. शाळेचा अहवाल लिहायचा, विज्ञानाचा धडा लिहायचा, तर कुठंकुठं ती लांब वाक्यं लागतात. तुम्ही म्हणाला असता, "घालून बघितलंस का?" आता मी घालून बघेन. मुलांना भाषांतर शिकवतो, तुमच्यासारखंच शब्दाला शब्द, आणि तास संपायच्या आधी दोन्ही ओळी पुसतो. पण इतके दिवस ते नुसती तुमची लकब म्हणून करत होतो. काय पुसतोय हे कळत नव्हतं.

एक मात्र मला सुटत नाही. आईला माझ्या नावानं तुम्ही आणखी काय काय सांगितलंत? तिच्याजवळ माझी कितीतरी पत्रं आहेत, ती मी लिहिलेली नाहीत. त्यांतला मुलगा आईचे पाय विचारतो, सणाला घर आठवलं म्हणतो. तो मुलगा मीच, असं ती समजते. तिला खरं सांगावं की नाही, हे विचारायला मला तुमच्याचकडे यावं लागलं असतं. शेवटी मी सांगितलं नाही. निघताना तिच्यापुढं बसून पायाची सूज हातानं दाबून बघितली आणि म्हणालो, लोंबते ठेवू नको म्हणून किती वेळा सांगितलं तुला. ती म्हणाली, "हो रे बाबा, दर पत्रात तेच." मी मान खाली घातली. तुमच्या तोंडचं वाक्य मी माझं म्हणून बोललो. तुम्ही इतकी वर्षं उलट केलंत, तुमचं वाक्य माझ्या नावानं बोललात.

काल निघण्याआधी काकूंना भेटायला गेलो. त्यांनी तुमच्या उशाखालचं माझं शेवटचं पत्र काढून हातात दिलं. तुमचं दुखणं कळल्यावर मी देवासहून पाठवलेलं. मी आधी उलटसुलट करून बघितलं. लाल शाई कुठंच नव्हती. तुम्हांला दिसत नव्हतं, हे मला क्षणभर आठवलंच नाही.

मी काकूंना विचारलं, "मास्तरांना कळलं का यातलं?"

"कुसुमनं वाचलं ना. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मला एक अक्षर कळलं नाही, म्हणून मी विचारलं, काय म्हणतो रघुनाथ? तर म्हणाले, येतो म्हणतोय." काकू पदरानं खाटेची कड पुसत होत्या. "म्हणाले, त्या बाजूच्या खाटेवरची गाठोडी काढून ठेव, रात्री त्याची पंचाईत नको. काढून ठेवली मी. मग इंदूरच्या मोटारीची वेळ झाली की विचारायचे, पावलं वाजली का."

माझं पत्र मी खाली उतरवून देतो. यातला एकही शब्द बदललेला नाही. वाचून दाखवायला आता तुम्ही नाही, म्हणून आहे तसंच देतो.

देवास

आदरणीय मास्तर,

आपली प्रकृती अस्वस्थ असल्याची बातमी मला प्राप्त झाली आणि ती ऐकून मला अतिशय दुःख झाले हे आपणांस कळविणे मी माझे कर्तव्य समजतो. योग्य ते औषधोपचार केले जात असतील असा मला विश्वास वाटतो.

आपण असे एक शिक्षक आहात, ज्यांच्या मार्गदर्शनाशिवाय माझ्या जीवनास आजचे स्वरूप प्राप्त झाले नसते. या वस्तुस्थितीची मला पूर्ण जाणीव आहे व ती नेहमीच राहील.

समक्ष येऊन आपली भेट घेण्याची माझी तीव्र इच्छा असली, तरी सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम माझ्याकडे सोपविले गेले असल्यामुळे, तूर्त तसे करणे मला शक्य होईल असे दिसत नाही. सदर काम पूर्ण होताच भेटीचा योग यावा अशी आशा मी बाळगतो.

आपणांस शीघ्र आराम पडावा ही सदिच्छा व्यक्त करून हे पत्र संपवितो.

आपला विश्वासू,
रघुनाथ